हाँगकाँगच्या पोलीस जोडीसारखी मारामारी करायचीय, पण फटका बसल्यासारखा वाटत नाही

रंकाळा_फ्रेम
कोल्हापुरात चार मिनिटांचा लघुपट करतोय. एकमेकांचं अजिबात न पटणारे दोन पोलीस आणि गोदामात पाच जणांशी त्यांची हाणामारी. बाज हवा तो ऐंशीच्या दशकातल्या कँटोनीज विनोदी मारधाडपटांचा. एक नट मर्दानी खेळ करणारा आहे, दुसऱ्याला यातलं काहीच येत नाही. कॅमेरा मिररलेस, सेकंदाला 25 फ्रेम, गोदामात ट्यूबलाइट. चाचणीत फटका खोटा दिसतो, आणि वेग वाढवला की माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी हलतात. काय बघू, काय बदलू? शेवटी एक काचही फोडायची आहे.

हलगी_ताल
भावा, आधी कॅमेरा कुठं ठेवलायस ते बघ. न लागणारा ठोसा बाजूनं घेतला की मूठ आणि गाल यांमधलं वीतभर अंतर उघडं पडतं. मारणाऱ्याच्या किंवा फटका खाणाऱ्याच्या खांद्यामागून घे, म्हणजे मूठ, चेहरा आणि लेन्स एका रेषेत येतात. तरीही खोटं वाटलं तर दोष खाणाऱ्याचा असतो. मान तीन-चार फ्रेम उशिरा वळली तरी डोळ्याला कळतं, त्यामुळं तालमीत जास्त वेळ खाणाऱ्यालाच दे.

दुसरी गोष्ट कटची. आपल्याकडं फटका लागायच्या क्षणीच कट मारतात आणि नेमका स्पर्शच गायब होतो. हाँगकाँगवाले उलटं करतात. मोठ्या शॉटमध्ये फटका लागू देतात, आणि पुढचा जवळचा शॉट स्पर्शाच्या दोन-तीन फ्रेम आधीपासून सुरू करतात. म्हणजे तोच क्षण दोनदा दिसतो, मन मात्र तो एकच आणि जोरदार समजतं. चार फ्रेमच्या वर गेलास की पुनरावृत्ती उघड दिसायला लागते.

ताल फार महत्त्वाचा. जॅकी चॅन, सामो हुंग, युएन बियाओ, कोरी युएन ही सगळी मंडळी यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेरा (गाणं, अभिनय, कसरती असलेलं चिनी संगीतनाट्य) शाळेत वाढली. त्यांची मारामारी तालवाद्यावर बसवल्यासारखी चालते: चार-पाच झपाट्याचे फटके, मग क्षणभर स्थिर पवित्रा, मग पुढची फेरी. कुस्तीच्या मैदानात हलगी चढत जाते आणि एकदम थांबते, तसंच. सरावाला खरंच हलगी लाव. शूटिंगलाही मोठ्यानं आकडे मोजलेस तरी चालतं. त्या काळी तिकडं बहुतेक चित्रपट आवाजाशिवाय शूट करून नंतर डब व्हायचे. तूही आवाज नंतरच घाल.

कपड्यावर टाल्कम पावडर चोळ. गडद जाकीट आणि मागून प्रकाश असेल तर प्रत्येक फटक्याला धूळ उडते आणि जोर डोळ्याला दिसतो. तोंडाजवळच्या फटक्याला पावडर नको, डोळ्यात जाते.

रंकाळा_फ्रेम
कट बदलून बघतो. मग कॅमेऱ्यातच 22 फ्रेमवर शूट केलं तर वेगाचं काम होईल का?

हलगी_ताल
तिकडं सेकंदाला 20-22 फ्रेमवर घेऊन 24 वर दाखवायचे, म्हणजे हालचाल जलद दिसायची, हे खरं, पण ट्यूबलाइटखाली तू ते करू नकोस. आपली वीज 50 हर्ट्झची. 22 फ्रेमला उजेड फडफडण्याचा धोका असतो. 25 वर, शटर 1/50 सेकंद ठेवून घे आणि एडिटमध्ये फक्त हाणामारीच्या तुकड्यांचा वेग 108 ते 112 टक्के कर. चालणं, पडणं, पडलेला माणूस उठणं हे सगळं 100 वरच ठेव. तुझ्या बाहुल्या बहुतेक सरसकट वेग वाढवल्यामुळंच झाल्यात.

पंचगंगा_८८
आता जोडीबद्दल. तुझी अडचण 1988 च्या ‘टायगर ऑन द बीट’मध्ये सोडवलेली आहे. दिग्दर्शक लाऊ कार-ल्यूंग हे स्वतः हुंग गार या कुंग फू परंपरेतले. चाऊ युन-फॅट मार्शल आर्टवाला नट नव्हे, म्हणून उंच लाथा आणि गॉर्डन लिऊबरोबरची चेनसॉची (यांत्रिक करवतीची) झुंज त्याचा जोडीदार कॉनन लीकडं. चाऊकडं काय, तर दोरी बांधलेली शॉटगन: आडोशापलीकडं फेकायची, बार काढायचा, ओढून परत घ्यायची. मर्दानी खेळातल्या विट्याचंच (दोरी बांधलेल्या भाल्याचंच) तत्त्व! तुमच्या न येणाऱ्या नटाला अशीच एक वस्तू द्या. त्याचे शॉट कमरेपासून वर, एका शॉटमध्ये जास्तीत जास्त तीन हालचाली. येणाऱ्याला मात्र पूर्ण अंगानं, पाय दिसतील असं दाखवा आणि पाच-सहा हालचाली सलग होऊ द्या. उलट केलंत तर दोघंही कच्चे दिसतील.

मला सगळ्यात खटकणारी चूक वेगळीच आहे. दोघं भांडतात, विनोद होतो, मग मारामारी सुरू झाली की विनोद संपतो. भांडण हाणामारीतच चालू राहिलं पाहिजे. एकानं उगारलेली काठी दुसऱ्याच्या डोक्याला लागावी, दोघांनी एकाच गुंडाला दोन बाजूंनी ओढावं. सामो हुंग आणि कार्ल माका यांचा ‘स्किनी टायगर अँड फॅटी ड्रॅगन’ (1990) त्यासाठी बघा. मुळाशी जायचं तर ‘एसेस गो प्लेसेस’ (1982) आहे, पण तिथं चोर-पोलीस जोडी आणि करामतीच जास्त. ‘येस, मॅडम!’मध्ये (1985) मिशेल येओ आणि सिंथिया रॉथरॉक गंभीर राहतात, विनोद सगळा तीन भुरट्या चोरांकडं. हीसुद्धा चांगली वाटणी आहे. सगळं मूळ कँटोनीजमध्येच बघा. परदेशी डबमध्ये बऱ्याचदा संगीत आणि फटक्यांचे आवाज बदललेले असतात.

आणि दोघांना साध्या वेशातले पोलीस करा. त्या चित्रपटांतही बहुतेक नायक गणवेशात नसतात, आणि रस्त्यावर खाकी घालून शूटिंग केलंत तर अडचण येऊ शकते.

गुळाची_ढेप
काच साखरेची कर. खरी काच अजिबात नको. ‘पोलीस स्टोरी’च्या (1985) मॉलमधल्या शेवटात इतकी काच फुटली, की त्यातल्या स्टंटवाल्यांनी चित्रपटाला ‘ग्लास स्टोरी’च म्हटलं.

काचेच्या सव्वा बाय दीड फुटाच्या एका तावाला साखर 700 ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज 300 ग्रॅम, पाणी अर्धा लिटर. साखर विरघळेपर्यंत ढवळ, उकळी आली की चमचा लावू नको, नाहीतर पाक दाणेदार होऊन काच पांढरी पडते. भांड्याच्या कडा ओल्या ब्रशनं पुसत राहा. 150 अंश सेल्सिअसवर उतरव. गोळीबंद पाकाच्याही पुढं जायचंय, थेंब पाण्यात टाकल्यावर काडकन मोडला पाहिजे. 140 ला उतरवलास तर वाकते, 160 पलीकडं पिवळी पडते. गूळ वापरायचा मोह टाळ, रंग येतो आणि ओल धरतो.

तेल लावलेल्या फॉइलवर सपाट ओत, जाडी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास येईल. पंखा बंद ठेव, एका बाजूनं लवकर गार झाली की आपोआप तडकते. पावसाळ्यात दोन-तीन तासांत चिकट होते, म्हणून सकाळी करून त्याच दिवशी फोड, आणि तीन ताव कर: एक चाचणीला, एक टेकला, एक हाताशी. या काचेच्या कडाही कापतात. पाठीनं किंवा खांद्यानं आत जायचं, तोंडानं नाही.