बी-३०१ चा स्पीकर आणि कोजागिरी

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

जोशी काकू ए-१०२ (रात्री ८:०८): नमस्कार सर्वांना 🙏 आठ दिवस गप्प बसले पण आता लिहितेच. बी विंगमधून रोज संध्याकाळी तीच इंग्रजी गाणी, त्याच क्रमाने, मधल्या डक्टमधून थेट माझ्या देवघरात येतात. अष्टमीला पाठ चालू होता तेव्हापण आली. नाव घेत नाही, ज्यांना समजायचं त्यांना समजलं असेल.

शिंदे बी-२०४: गच्चीची किल्ली कुणाकडं हाय? परवा कोजागिरी, उद्या सकाळी झाडून घ्यायला पायजे.

सई बी-३०१: काकू मीच ती. सॉरी, खरंच. डक्टमधून तुमच्याकडे येतंय हे माहीतच नव्हतं, संध्याकाळी लॅपटॉप बंद केला की किचनमध्ये लावते आणि किचनची खिडकी डक्टकडेच आहे. उद्यापासून खिडकी लावून घेते.

पाटील सेक्रेटरी: सर्व सभासदांना विनंती, लाऊडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे. कृपया सहकार्य करावे.

जोशी काकू: पाटील, दहाच्या आतच वाजतं हो ते. मी नियमाचं बोलतच नाहीये. दुसऱ्याच्या घरात पाठ चालू आहे एवढी जाणीव असावी इतकंच.

गायकवाड ए-३०३: पाटीलसाहेब ते ५५ डेसिबल गणपतीत कुठं गेलते 😄 माझ्या कपाटातल्या काचेच्या बरण्या नाचत होत्या

शिंदे बी-२०४: गणपतीचं काढायचं न्हाई. पोरांनी वर्गणीतनं केलंय, वर्गणी कुणी दिली न्हाई त्याची यादी हाय माझ्याकडं.

गायकवाड ए-३०३: यादी टाकाच की मग. आणि जिन्यात चपलांचं कपाट कुणी ठेवलंय तेपण टाका.

पाटील सेक्रेटरी: कृपया विषय सोडून बोलू नये 🙏

शिंदे बी-२०४: विषय गच्चीच्या किल्लीचा हाय.

कुलकर्णी काका ए-००२: सई, एक विचारू का? मंगळवारी संध्याकाळी बाथरूममध्ये दाढी करत होतो तेव्हा डक्टमधून ऐकू आलं ते तुझंच का? मला वाटलं कुणीतरी रेकॉर्ड लावलीय. मागं ट्रम्पेट होते आणि बाई गळा न ताणता, समोर बसून बोलल्यासारखं गात होती. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी उभा राहिलो.

सई बी-३०१: काका हो!! ऑलिव्हिया डीन, लंडनची, १९९९ चा जन्म. नवीन अल्बम आहे 'द आर्ट ऑफ लव्हिंग', २६ सप्टेंबरला आला, बारा गाणी आणि सगळी मिळून पस्तीसेक मिनिटं, म्हणून काकूंना रोज तोच क्रम ऐकू येतो कारण मी सुरुवातीपासून शेवटपर्यंतच लावते, शफल करायला मन होत नाही. काल ब्रिटनच्या चार्टवर एक नंबरला आला. ॲडेल आणि एमी वाइनहाऊस या गायिका ज्या ब्रिट स्कूलमध्ये होत्या तिथलीच ही, आणि ती शाळा सरकारी पैशावर चालते, फी नाही. पहिला अल्बम २०२३ चा, त्यात तिने आजीवर गाणं केलंय, आजी गयानाहून तरुणपणी ब्रिटनला आलेली. काका मी सहा महिने या गावात परत येऊन घरातनं काम करतेय, दिवसभर कुणाशी बोलणं नाही, मीटिंगमधले आवाज तेवढे. हा अल्बम लागला की घरात कुणीतरी आल्यासारखं वाटतं. एवढंच आहे ते.

जोशी काकू: तसं असेल तर खाली येत जा ना चहाला, मी काय परकी आहे का. पण गाण्याबद्दल बोलायचं तर परवा नातवाने मला ऐकवलं मुद्दाम. सगळं जुनंच आहे. साठ-सत्तर सालातलं उचलायचं आणि नवीन म्हणून विकायचं. आपल्याकडे रिमिक्स करतात तसंच.

सई बी-३०१: काकू रिमिक्स नाही हो. गाणी तिची स्वतःची आहेत, इतरांसोबत बसून लिहिलेली. फक्त वाजवण्याची धाटणी जुनी, खरे ड्रम, खरे ब्रास म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, पियानो.

पवार बी-१०१: कोजागिरीला दूध किती लिटर सांगायचं? मागच्या वर्षी वीस आणलं ते उरलं.

शिंदे बी-२०४: दूध राहूद्या, किल्ली कुणाकडं हाय?

कुलकर्णी काका: वहिनी, ब्रास म्हणजे परदेशी आणि जुनं म्हणजे उचललेलं, असं नका म्हणू. १९५१ चा 'अलबेला' आठवा. सी. रामचंद्रांनी त्यात गोव्याच्या ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटला आणि त्याच्या बँडला घेतलं. ते ट्रम्पेट अमेरिकेच्या जॅझमधून मुंबईच्या हॉटेलांत आले आणि तिथून आपल्या सिनेमात. आमच्या वडिलांना ते इंग्रजी धिंगाणा वाटायचे, आणि आज तुम्हीच त्याला आपलं जुनं संगीत म्हणता.

जोशी काकू: सी. रामचंद्र अण्णांची गोष्टच वेगळी. त्यांची चाल होती.

कुलकर्णी काका: तेच म्हणतोय, चाल बघा.

मुल्ला सर बी-४०२: कुलकर्णीसाहेब बरोबर बोलले, मीपण सांगतो. माझे चुलते मिरजेत सतारमेकर गल्लीत कामाला होते. तंबोरा अजून पंढरपूरकडच्या भोपळ्याचाच करतात, आकार ठरलेला, मापं ठरलेली, २०२४ ला जीआय टॅगपण मिळाला. पण वाद्य तयार झालं म्हणून बोलत नाही. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुताचा दोरा घालतात आणि तो केसाएवढा मागंपुढं सरकवत बसतात, एका जागी आला की जवारी खुलते आणि तार मधमाशीसारखी गुणगुणायला लागते. चुलते त्यावर अर्धा तास घालवायचे, मी मांडी घालून बघायचो. भोपळा जुनाच असतो, दोरा मात्र प्रत्येक गाणाऱ्यासाठी नव्याने लावायचा. ही पोरगी गाताना काय करते बघा, शब्द तालाच्या जरा मागं ठेवते, घाई नाही, ओरडणं नाही. ती जागा तिची तिने शोधलीय. ती उचलता येत नाही.

सई बी-३०१: सर 🙏🙏 हेच मला सांगता येत नव्हतं. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मोटाउनचंपण असंच, १९५९ ला बेरी गॉर्डीने ही रेकॉर्ड कंपनी काढली आणि एका साध्या घरात स्टुडिओ केला, माळ्यावर आवाज घुमवून परत रेकॉर्ड करायचे, तो घुमारा आजच्या लोकांना हवाहवासा वाटतो आणि ते स्वतःची गोष्ट त्यात घालतात. आणि हिची गोष्टपण ऐका, प्रेमभंगाचं रडगाणं नाही, माणसावर प्रेम करणं शिकावं लागतं असं म्हणणारा अल्बम आहे.

गायकवाड ए-३०३: सर एवढं सुरेख लिहिता आणि मेंटेनन्सच्या मीटिंगला एक शब्द बोलत नाही 😄

पवार बी-१०१: दूध पंधरा सांगतो मग.

जोशी काकू: मुल्ला सर, तुमचा मान आहे, पण माझा मुद्दा आवाजाचा होता आणि तो बाजूला राहिला. कुणी काही बोललं की दुसरीकडे न्यायचं ही या ग्रुपची सवयच आहे. कचऱ्याच्या वेळीपण हेच झालं.

पाटील सेक्रेटरी: काकू, सईने खिडकी लावते म्हणून कबूल केलंय, विषय संपला.

जोशी काकू: मी कधी म्हटलं संपला? बरं असो.

शिंदे बी-२०४: गच्चीची किल्ली.

कुलकर्णी काका: आता लिहितोच आहे तर लिहितो. २०१९ च्या ऑगस्टात पाणी आलं तेव्हा आम्ही तळमजल्यावरून निघालो, कागदपत्रं आणि औषधं तेवढी घेतली. रेकॉर्डी कपाटात खालच्या खणात, दीडशेच्या आसपास. परत आलो तेव्हा कव्हरं एकमेकांना चिकटून वीट झालेली, सोडवायला गेलं की ओल्या पापडासारखी हातात यायची. तबकड्या निघाल्या पण खाचांत कृष्णेचा गाळ. हिने आणि मी परसात बादली घेऊन एकेक धुतली, मऊ ब्रशने, लेबलला पाणी लागू न देता. अकरा वाचल्या. त्यातली एक लावली तर सुईखाली अजून बारीक कचकच येते. ही गेल्यावर मी प्लेअर उघडलाच नाही. मंगळवारी डक्टमधून ते ट्रम्पेट आले तेव्हा सहा वर्षांनी पहिल्यांदा वाटलं, झाकण काढावं.

(बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.)

पवार बी-१०१: काका 🙏

गायकवाड ए-३०३: काका प्लेअर चालू आहे का? बेल्ट सैल झाला असेल तर मी बसवून देतो, उद्या रविवारच आहे.

मुल्ला सर बी-४०२: कोजागिरीला गच्चीत आणा काका. तुमच्या अकरामधल्या दोन लावू आणि या मुलीची दोन. दहाच्या आत.

पाटील सेक्रेटरी: दहाच्या आत असेल तर कमिटीची हरकत नाही.

शिंदे बी-२०४: काका प्लेअर मी उचलून आणतो वर, तुम्ही जिना चढताना काय धरू नका. आणि गणपतीचा स्पीकर देतो, हळू लावू. पण गच्ची उघडणार कशी? किल्ली कुणाकडं हाय ते सांगा आधी.

जोशी काकू: किल्ली माझ्याकडे आहे शिंदे. पापड वाळत घालायला घेतली होती, परत द्यायची राहिली. सकाळी घेऊन जा.

शिंदे बी-२०४: 🙏

कुलकर्णी काका: सई, कोजागिरीला कुठली दोन लावणार?

सई बी-३०१: एक ट्रम्पेटवालं, तुम्ही साबण लावून ऐकलेलं ते. आणि दुसरं अल्बममधलं सगळ्यात शेवटचं, 'आय'व्ह सीन इट'. त्यात ब्रास वगैरे काही नाही, गिटार आणि ती. प्रेम कुठे कुठे दिसलं ते सांगत जाते, ओळखीच्या माणसांत, रस्त्यावरच्या अनोळखी माणसांत.

जोशी काकू: ते गिटारवालं रोज सगळ्यात शेवटी लागतं ना, साडेसातच्या सुमारास? ते मला पाठव सई. इथे नको, पर्सनलवर. आणि शब्दपण लिहून दे, डक्टमधून नीट कळत नाहीत.