ठिबकच्या नळ्या आणि जिवाणूंचा थर
रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या बागांत ठिबकच्या नळ्या क्षारांमुळेच तुंबतात आणि आम्ल सोडले की काम भागते, हे मत मला अर्धेच खरे वाटते. नळीचे टोक उघडून आतून बोट फिरवले असता जो बुळबुळीत, तपकिरी थर हाताला लागतो, त्यात क्षारांपेक्षा जिवाणूंचाच वाटा मोठा असतो. नळीच्या पॉलिथिलीनच्या (प्लास्टिकच्या) पृष्ठभागावर पाण्यातील सेंद्रिय रेणू अल्पावधीतच बसतात, त्यांवर जिवाणू आधी सैलसर टेकतात आणि मग बहुशर्करायुक्त चिकट द्रव्य स्रवून तेथेच ठाण मांडतात. पुढे गाळाचे बारीक कण आणि लोहाची संयुगेही त्यात अडकत जातात. (विहिरीचे पाणी नितळ दिसते म्हणून निर्धास्त राहू नये.) जिवाणू मारण्यासाठी क्लोरीन सोडले तरी त्यातील बरेचसे वरच्या थरातच खर्ची पडते व तळचे जिवाणू तग धरतात. पाण्याचा सामू (आम्लता-अल्कतेचे माप, पीएच) ७ च्या खाली असताना क्लोरीन अधिक प्रभावी ठरते हे खरे, परंतु आम्ल आणि क्लोरीन एकाच भांड्यात कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू सुटतो. लॅटरलची, म्हणजे झाडांच्या ओळींतून जाणाऱ्या बारीक नळ्यांची, टोके उघडून त्या नियमितपणे जोराच्या प्रवाहाने धुणे, याला मी औषधांआधीचे स्थान देईन.