फ्रीझरमधलं कच्चं मांस तसंच खावं का?

माळरान:
आठ महिने झाले, मी रॉ पॅलिओ आहारावर आहे. धान्य, डाळी, दूध, साखर बंद. मांस, अंडी, फळं, थोडा पाला, आणि मांस शिजवायचं नाही. कॅनडातल्या कॅलगरीजवळच्या एका शेतकऱ्याकडून वर्षाचं बीफ एकदम घेतो, ते गोठवलेलंच मिळतं आणि घरच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ वर राहतं. कलेजी मी पूर्ण सुटू देत नाही. दहा मिनिटं ओट्यावर ठेवली की सुरी जेमतेम चालते, तेव्हाच कागदासारखे काप काढतो. वर मीठ, लिंबू. जिभेला आधी गार लागते, मग गोडसर, आणि तो उग्र वास येत नाही. माझं वीस वर्षांचं पित्त गेलंय.
आता आमच्यातलेच काहीजण म्हणतात, गोठवलेलं मांस मेलेलं, त्यातली एन्झाइम्स जातात. मला पटत नाही. गोठवल्याने जंत मरतात, हा उलट फायदाच. उत्तर ध्रुवाकडचे इनुइट लोक गोठलेलं कच्चं कॅरिबू (रेनडियर) आणि मासे पिढ्यानपिढ्या खात आलेत. माझी चार वर्षांची लेकसुद्धा माझ्या ताटातला काप उचलून खाते. मतं सांगा.

चंद्रकोर:
एन्झाइम्सची काळजी सोडा. ती प्रथिनंच आहेत, ताज्या मांसातली असोत की गोठवलेल्या, पोटातल्या आम्लात बाकी प्रथिनांसारखीच मोडतात. गोठवल्याने बिघडतो तो पोत. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, म्हणून मांस सुटताना ताटलीत लाल पाणी साचतं. (ते रक्त नव्हे, मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूतलं लाल प्रथिन मिसळलेलं पाणी.)
जंतांचं तुमचं अर्धंच बरोबर आहे. डुकराच्या मांसातला ट्रिकिनेला हा जंत उणे १५ अंशांवर २० दिवसांत मरतो, तुकडा सहा इंचांहून जाड नसला तर. पण अस्वल आणि वॉलरसमधली उत्तरेकडची जात गोठवूनही जगते.
आणि बीफमध्ये खरी भीती जंतांची नाहीच, जिवाणूंची आहे. साल्मोनेला, लिस्टेरिया, ई. कोलाय. थंडीने त्यातले काही मरतात, बाकीचे नुसते निजतात. मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे हेच जिवाणू वर्षानुवर्षं जिवंत ठेवायचे असतात तेव्हा आम्ही ते थोडं ग्लिसरॉल घालून उणे ८० वर गोठवतो. फ्रीझर आमच्यासाठी जिवाणूंची तिजोरी आहे.

निळाई:
चंद्रकोरताई, मग फ्रान्समध्ये टार्टार आणि लेबनॉनमध्ये किब्बे नय्ये हे कच्च्या बारीक मांसाचे पदार्थ खाणारे सगळे आजारी पडायला हवेत. शिजवण्याने नुकसान होतंच, क जीवनसत्त्व जातं. इनुइट लोकांना भाजीपाल्याविना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाअभावी होणारा रोग, का झाला नाही? देवमाशाची कातडी ते कच्ची खात म्हणून. आणि डॉ. पॉटेंजर यांनी कॅलिफोर्नियात १९३२ ते १९४२ मांजरांवर प्रयोग केले. कच्चं मांस खाणारी धडधाकट राहिली, शिजवलेलं खाणाऱ्यांची पिढी दर पिढी खंगत गेली. हे का कुणी सांगत नाही?

चंद्रकोर:
क जीवनसत्त्वाचं मान्य, शंभर टक्के. पण माळरान फळं खातात, त्यांना ते कलेजीतून मिळवायची गरज नाही. मांजरांचं मात्र उत्तर आहे. मांजराच्या शरीरात टॉरिन हे मांसात असणारं गरजेचं द्रव्य पुरेसं बनत नाही, ते अन्नातूनच लागतं, आणि शिजवताना ते कमी होतं. पॉटेंजर यांच्या काळात हे ठाऊकच नव्हतं. माणसाचं शरीर टॉरिन स्वतः बनवतं. मांजराचा निष्कर्ष माणसाला लावू नका.

दर्यासारंग:
मी कामानिमित्त एक हिवाळा सैबेरियात याकुत्स्कला होतो. तिथे स्त्रोगानिना खाल्ली. नेल्मा किंवा चिर हा मासा बर्फाखालून काढतात, बाहेर उणे चाळीस असतं, मासा बघता बघता लाकूड होतो. मग तो नाकावर उभा धरून धारदार सुरीने वरून खाली लांब वेटोळी सोलायची, मीठ-मिरीत बुडवायची आणि वितळायच्या आत खायची. अप्रतिम. पण यजमानीणबाई उरलेली वेटोळी परत गोठवू देत नव्हती, सरळ रश्शात टाकायची. माळरान, तुमची कलेजी ओट्यावर येते, परत आत जाते, असं किती वेळा होतं?

माळरान:
दोन-तीनदा. गड्डा मोठा असतो.

चंद्रकोर:
दादा, बाकी सगळं राहू द्या, कलेजीचं ऐका. स्नायूच्या अखंड तुकड्यावर जिवाणू बहुतेक वरच्या बाजूला असतात, टार्टारवाला बाहेरचा थर कापून टाकू शकतो. कलेजीत ती सोय नाही. जपानमध्ये २०११ साली कच्च्या बीफमधून ई. कोलायची साथ आली, पाच माणसं गेली. त्यानंतर तपासणीत गाईच्या कलेजीच्या आतही हे जिवाणू सापडले, आणि जुलै २०१२ पासून तिथे हॉटेलात कच्ची कलेजी द्यायला बंदी आली. कच्चं खाण्यात मुरलेला देश तो.
ई. कोलायची ओ१५७ ही घातक जात, तिचे शंभराहून कमी जिवाणू पोटात गेले तरी पुरतात. मोठ्या माणसाला रक्ताचे जुलाब होऊन बहुधा निभावतं. पाच वर्षांखालच्या मुलांत मूत्रपिंडं निकामी होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. तुम्ही आठ महिने ठणठणीत आहात याचा अर्थ त्या जनावरात जिवाणू नव्हते एवढाच. पुढच्या जनावराचं काय?

निळाई:
भीती घालून आहार ठरवायचा का? शेतकरी ओळखीचा आहे, जनावर गवतावर वाढलंय.

चंद्रकोर:
गवतावरच्या जनावराच्या आतड्यातही ओ१५७ असतो. जनावर त्याने आजारी पडत नाही, म्हणून शेतकऱ्यालाही कळत नाही.

माळरान:
कलेजीच्या आत असतात हे मला माहीत नव्हतं. आज गड्डा बाहेर काढून कापून शिजवला. लेकीला कच्चं काहीच देणार नाही, बायको हे पहिल्या दिवसापासून सांगत होती. स्नायूचं मांस मात्र मी कच्चंच खाणार, बाहेरचा थर काढून, आणि एका वेळेपुरत्या पुड्या करून, म्हणजे परत गोठवायला नको. पित्ताचा त्रास परत नकोय मला.

चंद्रकोर:
पित्त धान्य-साखर सोडल्याने गेलं की कच्चं खाल्ल्याने, हे तुम्ही वेगळं करून पाहिलेलं नाही. महिनाभर तेच मांस शिजवून खा, बाकी काही बदलू नका. मग इथे लिहा.