बक्षीसपत्र, दानपत्र आणि ‘सांभाळ’: नेमका अर्थ काय?

पंचगंगाकाठ: राजारामपुरीतला फ्लॅट आजीने एका नातवाच्या नावे केला आणि आजीच्या पश्चात तिच्या थोरल्या मुलाने व मुलीने कोर्टात दावा लावला, असे समजा. अशा बातम्यांत त्या कागदाला एका ओळीत दानपत्र म्हणतात, पुढच्या ओळीत बक्षीसपत्र. दाव्यात तर ‘बनावट, फसवणुकीने केलेले, पोकळ’ असे सगळे शब्द एका दमात येतात. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? शिवाय ‘सांभाळाच्या बदल्यात’ असे लिहिले तर ते बक्षीस राहते का?

मुद्रितशोधक: बक्षीस हा शब्द फारसीतल्या ‘बख्शीश’वरून आला, दान संस्कृतातून. रोजच्या बोलण्यात शर्यत जिंकली की बक्षीस आणि देवळाला दिले की दान, म्हणून घरातल्या माणसाला फ्लॅट दिला तर ‘बक्षीस’ ऐकायला विचित्र वाटते. पण दस्तांच्या भाषेत बक्षीस म्हणजे विनामोबदला दिलेली मिळकत, एवढाच अर्थ. संस्थेला किंवा देवस्थानाला देताना दानपत्र लिहिण्याचा प्रघात आहे, नात्यात बक्षीसपत्र. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही एकच.

दस्तनवीस: शीर्षकावरून काहीच ठरत नाही, कोर्ट आतला मजकूर वाचते. वर बक्षीसपत्र लिहिले आणि आत ‘माझ्या पश्चात ही मिळकत तुझ्या मालकीची होईल’ असे लिहिले, तर समोरचा वकील पहिल्याच दिवशी म्हणणार की हे मृत्युपत्र आहे. मृत्युपत्र हयातीत कधीही बदलता येते. बक्षीसाची मालकी दस्त पुरा होताच जाते. आजीला शेवटपर्यंत त्याच घरात राहायचे असेल तर ‘मालकी आजपासून तुझी, मला तहहयात राहण्याचा हक्क’ असे लिहावे. ताबा स्वतःकडे ठेवला म्हणून बक्षीस बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली तीन न्यायमूर्तींच्या पीठातून स्पष्ट केले आहे.

हक्कसोडपत्र हा शब्दही लोक इथे सर्रास वापरतात, तो चूक आहे. हक्क सोडायचा तो सहहिस्सेदाराच्या लाभात. फ्लॅट एकट्या आजीच्या नावे असेल तर तिला नातवाच्या लाभात हक्कसोड करता येत नाही, बक्षीसपत्रच लागते. शुल्कही नात्यावर ठरते. महाराष्ट्रात राहते घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मयत मुलाची पत्नी यांना दिले तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, महापालिकेचा अधिभार आणि नोंदणी फी वेगळी. भाचा आणि पुतण्या या यादीत नाहीत, त्यांना खरेदीखतासारखाच दर पडतो.

पंचगंगाकाठ: आणि सांभाळ?

दस्तनवीस: खरी मेख तिथेच आहे, आणि ती क्रियापदाच्या रूपात आहे. ‘नातवाने माझा सांभाळ केला आहे’ हे झाले कारण. ‘तो माझा सांभाळ करील अशी खात्री आहे’ हा झाला विश्वास. ‘त्याने माझा सांभाळ करावा या अटीवर’ ही झाली अट. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली प्रांतांपुढच्या (उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या) न्यायाधिकरणाकडे दस्त रद्द करून मागायचा तर अट लागते. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही अट होती हे सिद्ध व्हायला हवे; नुसत्या प्रेमापोटी दिलेल्याला हे कलम लागू पडत नाही. जानेवारी 2025 मधल्या प्रकरणात दस्तासोबत मुलाचे वचनपत्र होते. सांभाळ केला नाही तर आईला मिळकत परत घेता येईल, असे त्यात होते. ते धरून न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द केले आणि न्यायाधिकरणाला ताबा परत देण्याचा हुकूम करता येतो, हेही सांगितले.

‘बदल्यात’ मात्र लिहू नका. बदला म्हटले की मोबदला आला आणि बक्षीसाच्या व्याख्येलाच धक्का लागला. दुसरा धोका ‘मला वाटेल तेव्हा परत घेईन’ या वाक्याचा. परत घेणे केवळ देणाऱ्याच्या मर्जीवर ठेवले तर मिळकत हस्तांतरण कायद्याच्या कलम 126 नुसार ते बक्षीस तेवढ्यापुरते किंवा पूर्णच निरर्थक ठरते. म्हणून अट घडण्यावर बांधावी: ‘सांभाळ न केल्यास’.

बिंदू चौक: ‘साक्षीदार’ आणि ‘ओळख देणारे’ यांतला फरक कृपा करून इथे नोंदवा, यावर दावे बुडाले आहेत. बक्षीसपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात. साक्षीदार म्हणजे ज्याने आजीला सही किंवा अंगठा करताना पाहिले, किंवा ‘ही माझीच सही’ असे तिच्या तोंडून ऐकले, आणि मग तिच्या समोर स्वतः सही केली. ओळख देणारा दुय्यम निबंधकांपुढे ‘ह्या त्याच बाई’ एवढेच सांगतो. होते असे की तेच दोघे नोंदणीच्या पानावर ओळखीपुरती सही करतात आणि दस्ताच्या शेवटी ‘साक्षीदार’ या मथळ्याखालची जागा कोरीच राहते. उलटतपासात तेवढेच पुरते.

आता ‘बनावट’. बनावट म्हणजे सही तिची नाहीच. फसवणूक म्हणजे सही तिची, पण ‘सोसायटीचा कागद आहे’ असे सांगून घेतलेली. दडपण म्हणजे कागद कळत होता, पण औषधपाणी आणि जेवण ज्याच्या हातात, त्याला नाही म्हणता आले नाही. तिन्ही एकत्र लिहिले तर वाद आपणच कमकुवत करतो, कारण सही नाकारणारा दडपण कसे सांगणार? पर्यायी म्हणणे म्हणून लिहायचे तर तसे स्पष्ट लिहावे. फसवणुकीचा आणि दडपणाचा तपशील दाव्यातच द्यावा लागतो: कोणी, केव्हा, काय सांगून. शेवटचा शब्द ‘पोकळ’, म्हणजे कायद्याने निष्फळ, तो या तिघांचा परिणाम आहे, कारण नव्हे.

मुद्रितशोधक: ‘रद्द करून मिळावे’ आणि ‘बंधनकारक नाही असे ठरवून मिळावे’ हाही फरक आहे ना?

बिंदू चौक: आहे. लिहून देणारी आजी स्वतः आली तर ती रद्द करून मागते. तिची मुले त्या दस्तात पक्षकार नाहीत, त्यांनी तो आपल्यावर बंधनकारक नाही असे जाहीर करून मागायचे. आजी हयात असेल आणि फ्लॅट तिचा स्वतःचा असेल तर मुलांना त्यात हक्कच नसतो, तिच्या हयातीत दावा तिनेच करायचा. कलम 23 चा पर्यायही देणाऱ्याचाच. रद्द करून मागायची मुदत तीन वर्षे, ज्या गोष्टींवरून दस्त रद्द होऊ शकतो त्या कळल्यापासून. आणि आजीने एकटीने जाऊन ‘रद्दलेख’ नोंदवला तर नोंदलेले बक्षीस त्याने संपत नाही. ती समजूत चुकीची आहे.

पंचगंगाकाठ: अटीचे एक वाक्य नमुन्यादाखल द्याल का?

दस्तनवीस: ‘लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचे अन्न, औषधोपचार, निवास व देखभाल तहहयात करावयाची असून, या अटीवरच सदरचे बक्षीस दिले आहे, त्यात कसूर झाल्यास मिळकत परत मागण्याचा लिहून देणार यांना हक्क राहील, हे लिहून घेणार यांना मान्य आहे.’ याखाली नातवाचीही सही घ्या. अटीला त्याची संमती आणि बक्षीसाचा स्वीकार, दोन्ही त्याच सहीने दाखवता येतात, आणि स्वीकार आजीच्या हयातीतच व्हावा लागतो.