‘नॉट अ‍ॅट ऑल’ सगळीकडे चालतं की नाही?

कोरा_कागद:
एका पत्रावरून डोकं पिकलंय. मूळ मराठी वाक्य साधं आहे: ‘या उशिराला आम्ही मुळीच जबाबदार नाही.’ मी लिहिलं, ‘वी आर नॉट अ‍ॅट ऑल रिस्पॉन्सिबल’. मसुदा तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘इन नो वे’ केलं. का, तर ‘तसंच म्हणतात’! माझ्या मते नॉट अ‍ॅट ऑल, इन नो वे, बाय नो मीन्स हे सगळे एकाच माळेचे मणी. एक पाठ करावा आणि सगळीकडे ठोकावा. पटत नसेल तर उदाहरण देऊन बोला.

तिरकी_रेघ:
अजिबात पटत नाही. (‘सुतराम पटत नाही’ म्हटलं नाही बघा. सुतराम शक्यतेला लागतं किंवा संबंधाला.) ‘नॉट अ‍ॅट ऑल’ कमीजास्त होणाऱ्या गोष्टीला शून्यावर आणतं: थकवा, राग, भूक. जबाबदारीत ‘किती’पेक्षा ‘कुठल्या बाजूने’ हा प्रश्न मोठा, आणि ‘इन नो वे’ त्या सगळ्या बाजू बंद करतं. ‘बाय नो मीन्स’ तिसरंच. ‘द मॅटर इज बाय नो मीन्स सेटल्ड’ म्हणजे तुम्ही मिटलं असं धरून चाललात, पण कुठलं मिटतंय!

कोरा_कागद:
माझं वाक्य चूक आहे का? हो की नाही, एवढंच सांगा.

तिरकी_रेघ:
चूक नाही. पण तो तुकडा वाक्याच्या तोंडाशी नेऊन बघा. ‘इन नो वे आर वी रिस्पॉन्सिबल’ चालतं, ‘आर’ उडी मारून ‘वी’च्या पुढे येतं. ‘अंडर नो सर्कमस्टन्सेस’, ‘ऑन नो अकाउंट’ यांचंही तसंच. ‘नॉट अ‍ॅट ऑल आर वी’ असं कोणी म्हणेल? मग एका माळेचे कसे?

जुना_खडू:
मुळात जोर हवाय कशाला? ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने १९१७ साली हे मांडून ठेवलंय: नकार झिजतो, मग त्याला टेकू म्हणून दुसरा शब्द लावतात, आणि कालांतराने तो टेकूच नकार होऊन बसतो. फ्रेंचमधलं नकाराचं ‘पा’ म्हणजे मुळात पाऊल! इंग्रजी ‘नॉट’सुद्धा ‘काहीही नाही’ अशा भरभक्कम शब्दाचा झिजलेला तुकडा आहे. ‘वी आर नॉट रिस्पॉन्सिबल’ लिहा आणि सही करा. ‘मुळीच, मुळीच’ करणाऱ्याचाच आधी संशय येतो.

हिरवी_शाई:
खडू, पत्रापुरतं मान्य. पण सक्त मनाई करायची असेल तर नुसत्या ‘नॉट’ने भागत नाही, तिथे ‘अंडर नो सर्कमस्टन्सेस’च लागतं. आणि कोरा_कागद, ‘सगळे सारखेच’ म्हणून मी तोंडावर आपटलोय. ‘नॉट अ बिट सरप्राइज्ड’ म्हणजे जराही आश्चर्य नाही. त्याच चालीवर ‘नॉट अ लिटल सरप्राइज्ड’चं भाषांतर ‘थोडंही आश्चर्य वाटलं नाही’ असं केलं. खरा अर्थ, चांगलंच आश्चर्य वाटलं! छापून आल्यावर कळलं.

कोरा_कागद:
हे ‘लिटल’ प्रकरण भयंकर आहे, माळ तुटली म्हणायची. पत्र अजून गेलेलं नाही. खडूंचं वाक्य टाकून बाईंकडे पाठवतो, बघू काय खोडतात. तेवढा आणखी उशीर होणार, आणि त्याला मात्र जबाबदार मीच.