सोफियाची पर्स: 'गोल्डन गर्ल्स'वाली एस्टेल गेटी, तुमच्या आठवणी लिहा

पाऊलखुणा:
काल आईची पर्स आवरायला घेतली. निघालं काय, तर तीन रुमाल, बडीशेपेची पुडी, अंगाऱ्याच्या चार पुड्या आणि २०११ सालची लाइटबिलाची पावती. आई आता घराबाहेर पडत नाही, पण आंघोळ झाली की पर्स मांडीवर हवीच. ती परत तिच्या हातात दिली आणि एकदम सोफिया डोळ्यांसमोर आली. एका घरात राहणाऱ्या चार उतारवयातल्या बायकांची जुनी अमेरिकन विनोदी मालिका, 'गोल्डन गर्ल्स', तिच्यातली म्हातारी आई. तीही स्वयंपाकघरातून हॉलमध्ये जाताना पर्स हाताला अडकवून निघायची.

२०१० ला माझ्या बाळंतपणाला आई एडिसनला आली होती. बाळ रात्रभर जागं, म्हणून आम्हीही जाग्या. हॉलमार्क चॅनलवर रात्री जुने भाग लागोपाठ लागायचे. आईचं इंग्रजी बेताचं, पण ती पांढऱ्या केसांची चिमुकली म्हातारी दारातून आत आली की हिचं हसू आधीच सुरू. "ही आपली ताईआत्या गं. बोलते ते झोंबतं, पण खोटं नसतं."

मग मी नेटवर वाचून सांगितलं की सोफियाच्या लेकीचं, डॉरथीचं, काम करणारी बी आर्थर १९२२ची आणि सोफियाचं काम करणारी एस्टेल गेटी १९२३ची. म्हणजे आई लेकीपेक्षा वर्षाने लहान! विग, सुरकुत्या, सगळं चढवलेलं. आई म्हणाली, "मग खरी टाळी रंगभूषाकाराला." हा शब्द हिच्या तोंडात कुठून आला म्हणून विचारलं, तर म्हणे लग्नाआधी बँकेच्या नाट्यस्पर्धेत तीन वर्षं कामं केली होती. मला हे वयाच्या चौतिसाव्या वर्षी, रात्री अडीच वाजता, अमेरिकेत कळलं.

एस्टेलबाईंचंही थोडं तसंच. न्यूयॉर्कमध्ये, पोलंडहून आलेल्या ज्यू घरात जन्म. लग्न, दोन मुलगे, दिवसा ऑफिसात नोकरी आणि उरलेल्या वेळात मिळेल त्या नाटकात मिळेल ते काम. सप्टेंबर १९८५ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा बाई बासष्टच्या. आपल्याकडे या वयात निरोपसमारंभाची शाल कपाटात जाऊन चार वर्षं झालेली असतात.

कोणी पाहायचं का? कुठे, कोणाबरोबर? आजीचे, नाटकाचे, विसरण्याचे, कसलेही अनुभव चालतील.

चिंचगूळ:
आईगं! सोफिया गोष्ट सुरू करायची ना, आधी सिसिली, मग साल, मग पाल्हाळ. आमचे सासरे तसेच. आम्ही सगळे एकमेकांकडे बघून हळूच म्हणतो, "चिपळूण, १९७४." सासऱ्यांना वाटतं आम्हाला उत्सुकता आहे.

तिसरी_घंटा:
मोबाइलवरून टंकतोय, चुका पोटात घाला.

मीही बँकवाला. दिवसभर लेजर, साडेपाचला सही करून थेट तालमीला. साहेब चांगले होते म्हणून स्पर्धेच्या दिवशी हाफ डे मिळायचा. त्यामुळे एस्टेलचं वाचलं तेव्हा अमेरिकन नटी वगैरे वाटलीच नाही, आमच्याच शाखेतली वाटली. फरक एवढाच की आम्ही पंचेचाळिशीत गुडघे धरून बसलो आणि तिला ब्रॉडवे, म्हणजे न्यूयॉर्कची मोठी व्यावसायिक रंगभूमी, अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळालं. १९८२ मध्ये, 'टॉर्च साँग ट्रिलॉजी'. त्या नाटकाच्या जोरावर ती लॉस एंजेलिसला पोचली आणि तिथे सोफिया हाती लागली.

आता विसरण्याचं. एका वर्षी प्राथमिक फेरीत, दुसऱ्या अंकात मी कोरा. पाटी पुसल्यासारखा. समोरचा नट वाट बघतोय. विंगेत प्रॉम्प्टर होता, पण त्याला पडसं झालेलं, त्यामुळे "मी तुला माफ केलंय" ऐवजी मला "बी तुला बाफ" ऐकू आलं. मी तेच म्हणालो. प्रेक्षागृह कोसळलं. शोकांतिका होती हो.

पुढच्या प्रयोगापासून मी हातातल्या वर्तमानपत्रात वाक्यं चिकटवायला लागलो. एस्टेलचंही पाठांतर टिकेना. गोल्डन गर्ल्सचं चित्रण समोर प्रेक्षक बसवून व्हायचं आणि तिला त्याची धडकी भरायची. सेटवरच्या वस्तूंवर वाक्यं लिहून ठेवायची, पुढे तर फलक धरावे लागले. पुढच्या वेळी कुठला भाग पाहिलात तर तिचे डोळे बघा, कधीकधी समोरच्या पात्राच्या जरा बाजूला गेलेले असतात. आम्हा वर्तमानपत्रवाल्यांना ते लगेच कळतं. पण वाक्य नेमकं कुठे सोडायचं, हशा कुठे थांबू द्यायचा, ते तिच्या हाडात होतं. ते लिहून चिकटवता येत नाही.

चिंचगूळ:
बी तुला बाफ 😂😂 आता घरात हेच चालणार.

अबोली_१२:
वाचलं. रडले. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, नंतर लिहिते.

कोकमसार:
अमेरिकन मालिकेवर धागा? आपल्याकडच्या म्हाताऱ्या संपल्या का?

पाऊलखुणा:
@कोकमसार, आमच्या घरची आहे अजून. देऊ का फोन?

कोकमसार:
नको नको, माघार. 🙏

औषधपेटी:
तिसरी_घंटा यांनी विसरण्याचं लिहिलंय त्यात भर घालते, कारण आमच्या घरात हेच चालू आहे.

एस्टेलला पुढे 'लुई बॉडी डिमेन्शिया' निघाला. आधी पार्किन्सन्स समजले होते. २२ जुलै २००८ ला गेल्या, पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले होते. या आजारात मेंदूच्या पेशींत एका प्रथिनाच्या गाठी साचतात. फक्त विसरणं नसतं. आज माणूस लख्ख, उद्या धुक्यात, परवा परत लख्ख. आणि भास. माझ्या सासऱ्यांना कोपऱ्यात दोन लहान मुलं बसलेली दिसतात. घाबरत नाहीत, उलट मला ओरडतात की त्यांना खायला दे. सुरुवातीला मी वाद घालायचे, तिथे कोणी नाही म्हणून. आता बशीत दोन बिस्किटं ठेवते. सासरे शांत. बिस्किटं संध्याकाळी मीच खाते, वजन माझं वाढलंय.

एक महत्त्वाचं: भास होतात म्हणून मानसिक आजाराच्या काही गोळ्या दिल्या तर या रुग्णांना त्या फार वाईट बाधू शकतात. आमच्या इथे एका ठिकाणी विचार न करता दिल्या होत्या, चार दिवस सासरे लाकडासारखे ताठ. घरात असं कोणी असेल तर डॉक्टरांना 'लुई बॉडी तर नाही ना' हे स्वतःहून विचारा.

पाऊलखुणा:
@औषधपेटी, लिहून ठेवलं. आईचं अजून नक्की निदान नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

जुना_अँटेना:
मी गोल्डन गर्ल्स पाहिलेली नाही. आमच्याकडे 'स्मॉल वंडर', हिंदीतून. त्यातली यंत्रमानव मुलगी विकी! फ्रॉक, पाठीवर झडप, आवाज सपाट. मी आणि बहीण तसंच बोलायचो, आजी म्हणायची पोरांना लागिरलंय.

अबोली_१२:
@जुना_अँटेना, ती विकी, टिफनी ब्रिसेट, अभिनय सोडून नर्स झाली, माहीत आहे? सलाइन लावताना पेशंट काय विचारत असतील कल्पना करा.

जुना_अँटेना:
काय सांगता! आता इंजेक्शनची भीती वाटणार नाही.

चौघीजणी:
आम्ही कॉलेजच्या चार मैत्रिणी. दोन विधवा, एक घटस्फोटित, एक नवऱ्याला कंटाळलेली. वीस वर्षं ठरवतोय की तळेगावला एक बंगला घेऊन एकत्र राहायचं. अडचण पैशाची नाही. चौघींनाही त्या मालिकेतली नखरेल ब्लांश व्हायचंय. भोळी 'रोज' व्हायला कोणी तयार नाही आणि सोफिया म्हटलं की सगळ्या माझ्याकडे बघतात.

गंमत म्हणजे त्या चौघींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाला खुर्च्या तीनच होत्या! कॅमेऱ्याकडे कोणाची पाठ यायला नको म्हणून. मला हे कळल्यापासून तोच खेळ: आता कोण उभं राहणार? बहुतेक वेळा कोणीतरी चीजकेक आणायला उठलेलं असतं. आमच्याकडे चीजकेक नाही, श्रीखंडाचा डबा आणि चार चमचे, ताटल्या धुवायला लागू नयेत म्हणून.

आणि ते शेडी पाइन्स! सोफिया ज्या वृद्धाश्रमातून आली ते. लेक डॉरथी सारखी धमकी देणार की परत पाठवीन. आमच्या सासूबाई उलट. भाजीत मीठ कमी पडलं तरी "ठेवा मला वृद्धाश्रमात." एकदा वैतागून मी खरंच माहितीपत्रक आणलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाल्या, "गुरुवारी साबुदाण्याची खिचडी देतात, बघ. इथे देतेस का?"

तिसरी_घंटा:
सासूबाईंना दंडवत. अशी वाक्यं लेखकाला सुचत नाहीत.

निळी_छत्री:
इथे कधी काही लिहीत नाही, फक्त वाचते. आज लिहिते.

'टॉर्च साँग'मध्ये एस्टेलचं काम आईचं होतं. मुलगा समलिंगी, आई फ्लोरिडाहून त्याच्याकडे येते आणि दोघं कडाकडा भांडतात. लेखक हार्वी फायरस्टीन तिचा मित्र, मुलाच्या भूमिकेत तोच. बाईंनीच त्याच्यामागे धोशा लावला होता की तुझ्या नाटकांत आई का नाही, एक लिही ना. त्याने लिहिली. आणि ही आई गोड नाही. चुकीचं बोलते, दुखावते.

माझ्या मुलाने २०१९ ला आम्हाला सांगितलं. मी त्या रात्री जे बोलले ते इथे लिहिणार नाही. सहा महिने फोन बंद. मग एक दिवस त्याने गोल्डन गर्ल्समधला सोफियाचा एक तुकडा पाठवला, खाली काहीच लिहिलं नव्हतं. मी पाहिला, आणि मग ही बाई कोण म्हणून शोधत बसले. तिच्या भाच्याला एड्स झाला तेव्हा तिने त्याची काळजी घेतली, तेही लोक हात लावायला घाबरायचे त्या काळात. हे वाचून मी फोन लावला. बोलले काय, तर "जेवलास का?" एवढंच.

औषधपेटी:
@निळी_छत्री ❤️

चौघीजणी:
एवढं पुरतं हो. माझी आई तर आयुष्यभर तेवढंच बोलली.

अबोली_१२:
आले परत. मला वाटायचं इतकं चाललेलं नाव म्हणजे बक्षिसांचा ढीग असेल. टीव्हीचं मोठं बक्षीस एमी मात्र एकच, १९८८ ला, आणि नामांकनं सातही वर्षं. बाकी तिघींनाही या मालिकेसाठी एकेक एमी मिळाली, म्हणजे भांडण नको. रोजचं काम करणारी बेटी व्हाइट तर शंभरीला सतरा दिवस कमी असताना गेली.
आणि तो स्टॅलोनबरोबरचा सिनेमा कोणी पाहिलाय? ती त्याची आई. मी पाहिलाय. पाहू नका.

जुना_अँटेना:
आता पाहणारच.

कोकमसार:
बसल्याबसल्या दोन तुकडे पाहिले. बी आर्थर पावणेसहा फूट आणि ही पाच फूटही नाही, आणि घाबरते ती उंच बाई! माझ्या बायकोची आई आठवली. धागा आवडला, आधीचं मागे घेतो.

पाऊलखुणा:
@कोकमसार 😄
आज दुपारी आईला टॅबवर एक भाग लावून दिला. बराच वेळ नुसती बघत होती. मग सोफिया आत आली तेव्हा म्हणाली, "हिच्याबरोबर मी काम केलंय. पाठांतर कच्चं होतं बिचारीचं." मी म्हटलं, हो का? "हो. पण हशा घ्यायची बरोब्बर."
मी वाद घातला नाही. बिस्किटांचं लक्षात होतं.

चिंचगूळ:
अंगाऱ्याच्या पुड्या टाकल्यात की ठेवल्यात?

पाऊलखुणा:
ठेवल्या. पावतीपण.