मदत हवी आहे: जेलीफिश नेब्युला अर्धाच येतोय, दुसरी बाजू गायब

पिंगळा_इंदूर
मंडळी जरा लवकर सांगा. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन आहे, शाळेत मुलांपुढे मोठा प्रिंट लावायचाय आणि प्रिंटवाला दोन दिवस आधी फाईल मागतोय. तीन रात्री जानापावकडे जाऊन आयसी ४४३ (हाच जेलीफिश नेब्युला, फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष) घेतला, एका बाजूची कमान मस्त लाल येते आणि दुसरीकडे नुसतं काळं. फोटो कितीही उजळला तरी नॉइज (दाणे) वाढतो, नेब्युला नाही. काय चुकतंय?

चंबळकाठ (ग्वाल्हेर)
कॅमेरा कोणता, मॉडिफाईड (सेन्सरपुढची काच काढलेला) आहे का? फिल्टर? एकूण एक्सपोजर किती? आणि काळी बाजू म्हणजे कुठली?

पिंगळा_इंदूर
डीएसएलआर, फिल्टर डबलवाला, तीन तास. काळी बाजू त्या मोठ्या ताऱ्याकडची.

चंबळकाठ (ग्वाल्हेर)
मॉडिफाईडचं उत्तर राहिलं भाऊ, मुद्दा तोच आहे. साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढची काच हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवते. आणि मोठा तारा म्हणजे मिथुन राशीतला ईटा की म्यू? दोन्ही जवळच आहेत.

पिंगळा_इंदूर
काच काढून घेतलीय, म्हणून तर कमान लाल येते ना. तारा ईटा.

विश्वामित्री (वडोदरा)
फ्लॅट्स, म्हणजे सावल्या काढून टाकायला एकसारख्या उजेडाचे फोटो, घेतले का? नसतील तर पुढचं काही बोलायलाच नको. माझं गेल्या वर्षी हेच झालं होतं, महिनाभर डोकं फोडलं आणि शेवटी निघालं काय तर फिल्टर ड्रॉवर वाकडा बसलेला, एका बाजूला सावली. शिवाय तुमच्याकडे महू, पीथमपूरचे दिवे आहेत, त्याचा ग्रेडियंट (एका बाजूला जास्त उजेड) येणारच.

पिंगळा_इंदूर
फ्लॅट्स नाही घेतले. पण बाकीचे फोटो ठीक येतात.

चंबळकाठ (ग्वाल्हेर)
दिव्यांचं पटत नाही. आयसी ४४३ ची क्रांती (आकाशातलं अक्षांश) उत्तर साडेबावीस अंश, इंदूरचं अक्षांश पावणेतेवीसच्या जवळ, म्हणजे सध्या रात्री नऊच्या सुमारास तो बरोबर डोक्यावर असतो. क्षितिजावरचा उजेड तिथे कमीत कमी लागतो.

सोनू_विजयनगर
मुलगा पाचवीत आहे, त्याच्यासाठी दुर्बीण घ्यायचीय, दहा हजारात कुठली चांगली?

माळव्यातले_काका
उज्जैनला वेधशाळेत जाऊन या, सवाई जयसिंगानं बांधलेली आहे, तिथले लोक नीट समजावतात.

चंबळकाठ (ग्वाल्हेर)
काका, ती यंत्रं सूर्य-ताऱ्यांची स्थानं मोजायची, नेब्युलाच्या फोटोला काय कामाची? सोनू, वेगळा धागा काढ, तिथे सांगतो.

रोहिणी_ताई
पिंगळा, तुझं काही चुकलंय असं मला वाटतच नाही. तो ढग मुळातच एकीकडे तेजस्वी आणि दुसरीकडे फिका आहे. तारा फुटला तेव्हा त्याच्या आजूबाजूला सगळीकडे सारखा वायू नव्हता. ईशान्येला हायड्रोजनचा दाट ढग आहे, स्फोटाची लाट त्यावर आदळली आणि सेकंदाला १०० किमीच्या आतबाहेर मंदावली. दाट वायू दाबला गेला की भराभर थंड होतो आणि थंड होताना तो लाल प्रकाश टाकतो, तीच तुझी कमान. दक्षिणेला तर रेणूंचा थंड ढग आहे, तिथे लाट ३० किमीवर आलीय. नैर्ऋत्येला, म्हणजे ईटाकडे, वायू विरळ, तिकडे लाट मोकळी सुटली. तिथलं कवच मोठं आहे पण फिकं. आतला वायू काही दशलक्ष अंशांवर तापलेला आहे, तो क्ष-किरणांत दिसतो, तुझ्या फिल्टरमधून कसा दिसणार? त्यात मधून धुळीचा एक ढग आडवा गेलाय, तोही आपल्या बाजूला. हे सगळं सुमारे ५,००० प्रकाशवर्षांवर चाललंय.

विश्वामित्री (वडोदरा)
ताई, थिअरी बरोबर असेल पण फ्लॅट्स न घेता नेब्युलाला दोष देणं मला मान्य नाही. सोपी परीक्षा सांगतो. कॅमेरा १८० अंश फिरवून पुन्हा तासभर घ्या. काळी बाजू फोटोत त्याच कोपऱ्यात राहिली तर दोष सामानाचा, ताऱ्याबरोबर फिरली तर आकाशाचा. फ्लॅट्स मात्र घ्याच.

रोहिणी_ताई
हे एकदम बरोबर, हेच कर.

मृगजळ
आर्द्रा कधी फुटणार? २०१९ च्या शेवटी मंद झाली होती तेव्हा आम्ही रोज गच्चीवर जायचो.

रोहिणी_ताई
तो मंदपणा तिने स्वतः टाकलेल्या धुळीचा होता. फुटेल तेव्हा फुटेल, एक लाख वर्षंही लागतील. पण इथे आयसी ४४३ बद्दलच बोलू या, कारण मुलांना सांगण्यासारखं त्यात खूप आहे. २०१३ मध्ये फर्मी दुर्बिणीनं याच्याकडून आणि डब्ल्यू ४४ या दुसऱ्या अवशेषाकडून आलेल्या गॅमा किरणांत पायॉनची (प्रोटॉन आदळल्यावर तयार होणाऱ्या कणांची) खूण पकडली, म्हणजे लाटेत वेग घेतलेले प्रोटॉन त्या दाट ढगावर आदळतायत. विश्वकिरण (अवकाशातून येणारे वेगवान कण) सुपरनोव्हाच्या, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याच्या, अवशेषांत तयार होतात हे इतके दिवस नुसतं म्हणत होतो, तिथे पुरावा मिळाला.

चंबळकाठ (ग्वाल्हेर)
वय किती त्याचं? मी ३०,००० वर्षं वाचलंय.

रोहिणी_ताई
३,००० म्हणणारेही आहेत. एकमत नाही, म्हणून मुलांना एकच आकडा ठोकून सांगू नकोस पिंगळा.

पिंगळा_इंदूर
काल रात्री फिरवून घेतला, फ्लॅट्सही घेतले. काळी बाजू ताऱ्याबरोबर फिरली!! म्हणजे आकाशातच तसं आहे. आधीचं आणि कालचं मिळून साडेचार तास झाले, आता ईटाकडे दोन बारीक धागे दिसतायत, अगदी फिके. विश्वामित्री, फ्लॅट्सनी कोपऱ्यातली सावली खरंच गेली. आता सहावीच्या मुलांना हे सांगू कसं?

रोहिणी_ताई
अंगणात बादलीभर पाणी जोरात फेकलं तर भिंतीला लागतं तिथे उसळून फेस होतो, मोकळ्या बाजूला पसरून जातं आणि जमिनीवर दिसतही नाही. भिंत म्हणजे ईशान्येचा ढग. आणि ते दोन फिके धागे प्रिंटमधून कापू नकोस, क्रॉप केलास तर मोकळी बाजूच दिसणार नाही.

विश्वामित्री (वडोदरा)
आणि प्रिंट मॅट पेपरवर काढ, ग्लॉसीवर शाळेची ट्यूबलाईट चमकते.